क्रूझवर पोट बिघडतं ते नेमकं कशामुळे, आणि साथ अडवायची कुठे?

उधाणवारा

एखाद्या प्रवासी जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ आल्याची बातमी आली की खालच्या चर्चेत एक वाक्य ठरलेलं असतं: 'बुफेतलं शिळं अन्न असणार.' मी बरीच वर्षं अशा जहाजांवर हॉटेल विभागात काम केलं, त्यातला मोठा काळ स्वच्छता आणि साथनियंत्रणाच्या कामात गेला. अन्नातून होणारे आजार जहाजावर होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ज्या साथींचं कारण शोधून काढता येतं त्यातल्या बहुतेकांमागे नोरोव्हायरस निघतो, आणि तो स्वयंपाकघरापेक्षा माणसांच्या हातांवरून जास्त फिरतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर काय करायचं आणि कशात वेळ घालवायचा नाही हे बरंचसं सुटतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी या विषाणूबद्दल. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाच्या गावी एका शाळेत उलट्यांची साथ आली होती. तिथल्या नमुन्यांत १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा विषाणू पहिल्यांदा दिसला. नावही त्या गावावरूनच पडलं. शरीरात शिरल्यावर साधारण १२ ते ४८ तासांत तो रंग दाखवतो. अचानक मळमळ, जोरदार उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात पिळवटणं. एक ते तीन दिवसांत बहुतेक माणसं बरी होतात. तो जिवावर क्वचितच उठतो, पण पसरण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. आजारी माणसाच्या विष्ठेतून आणि उलटीतून अब्जावधी कण बाहेर पडतात आणि नवीन माणसाला लागण व्हायला त्यातले शंभराच्या आतले कणही पुरतात. म्हणजे डोळ्यांना अजिबात न दिसणारा डागसुद्धा भरपूर झाला.

आता जहाज डोळ्यांसमोर आणा. तीन-चार हजार प्रवासी, हजारभर कर्मचारी, सगळे आठवडाभर एकाच छपराखाली. तेच जिने, तेच कठडे, लिफ्टची तीच बटणं. बुफेवर सॅलडचा एक चिमटा दुपारभरात शेकडो हातांतून जातो. तुम्ही हात स्वच्छ धुऊन आलात, चिमटा धरलात, ताट घेऊन जागेवर बसलात आणि हाताने पाव मोडलात, की धुतलेल्या हातांचा उपयोग तिथेच संपला. मी प्रवाशांना कायम सांगायचो की हात धुवायची खरी वेळ बुफेत शिरताना आहेच, पण वाढून घेतल्यावर आणि पहिला घास घेण्याआधीही आहे. ही दुसरी वेळ जवळजवळ सगळे चुकवतात.

जहाजाच्या बाजूने काय केलं जातं तेही सांगतो, कारण त्याची कल्पना फार कमी लोकांना असते. सीडीसी ही अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था. तिचा 'व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम', म्हणजे जहाजांच्या स्वच्छतेवर नजर ठेवणारा कार्यक्रम, १९७५ पासून आहे. १३ किंवा त्याहून जास्त प्रवासी नेणारी आणि परदेशी बंदरं करून अमेरिकेच्या बंदरात येणारी जहाजं त्याच्या कक्षेत येतात. तपासनीस न कळवता येतात. १०० पैकी गुण देतात, ८५ किंवा त्याखाली आलात तर नापास. अहवाल सगळ्यांना वाचायला खुला असतो, तुमच्या जहाजाचं नाव टाकून बघता येतो. ते पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन बघतात (जहाजाच्या अगदी शेवटच्या नळालाही किमान ०.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ०.२ भाग लागतं), थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ ५७ अंशांच्या वर आहेत का बघतात, शीतगृहं, पोहण्याचे तलाव, भांडी धुण्याची यंत्रं, सगळं उघडून बघतात. ही शिस्त बऱ्यापैकी कडक असल्यामुळेच पाण्यातून आणि अन्नातून येणाऱ्या जिवाणूंना जहाजावर फार वाव राहिलेला नाही. राहिला तो माणसाकडून माणसाकडे जाणारा.

आणि आजाराची नोंद. २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच, किंवा उलटी आणि तिच्या जोडीला ताप, अंगदुखी, डोकेदुखी, पोटदुखी, जुलाब यांपैकी काहीही एक, असं झालं की जहाजाचा दवाखाना त्या माणसाचं नाव पोटाच्या आजाराच्या नोंदवहीत घेतो. अमेरिकेच्या बंदरात पोचण्याआधी हा आकडा कळवावाच लागतो, एकही रुग्ण नसला तरी. प्रवाशांत किंवा कर्मचाऱ्यांत प्रमाण २ टक्क्यांवर गेलं की वेगळा अहवाल जातो आणि ३ टक्क्यांवर गेलं की साथ म्हणून जाहीर होतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

शमिका

उधाणवारा, अगदी वेळेवर धागा काढलात. माझे आईबाबा दोघंही सत्तरी ओलांडलेले, पहिल्यांदाच क्रूझला जाणार आहेत. बाबांना मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आईने सॅनिटायझरच्या बाटल्यांचा साठा करून ठेवलाय आणि तेवढ्यावर ती निर्धास्त आहे. त्यांना नेमकं काय सांगू? फार लांबलचक सांगितलं तर ते ऐकणार नाहीत.

---

प्रयोगशाळेतला

शमिका, सॅनिटायझरबद्दल मी सांगतो, माझा विषय आहे.

काही विषाणूंभोवती चरबीचं एक पातळ आवरण असतं. फ्लूचा विषाणू, करोना हे त्यातले. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला हे आवरण नसतंच. प्रथिनांचं टणक कवच असतं आणि अल्कोहोल त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. करोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या मनात सॅनिटायझर म्हणजे सुरक्षितता असं बसलं, ते इथे लागू पडत नाही.

साबणही या विषाणूला मारत नाही, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. साबण त्याला त्वचेवरून सोडवतो आणि वाहतं पाणी त्याला घेऊन जातं. काम सगळं घासण्याचं आहे. म्हणून वेळ महत्त्वाचा: निदान २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याच्या मुळाशी, नखांखाली. मग कोरडे पुसायचे. अंगठी असेल तर ती सरकवून तिच्या खालीही.

सॅनिटायझर फेकून द्या असं मी म्हणत नाही. इतर बऱ्याच जंतूंवर तो चालतो. पण जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाच्या जागी तो वापरू नये. आईंना बाटल्या नेऊ देत, फक्त त्यांचा भरवसा साबणावर हलवा.

---

उधाणवारा

वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं. पूर्वी जेवणाच्या दालनाच्या दाराशी सॅनिटायझरची यंत्रं असायची आणि प्रवासी हात पुढे करून आत जायचे. आता अनेक नव्या जहाजांवर बुफेच्या दाराशी हात धुवायची बेसिनंच बसवलेली असतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

शमिका, आईबाबांना मी चारच गोष्टी सांगेन. घास तोंडात जाण्याआधी साबणाने हात. सार्वजनिक बाथरूमऐवजी शक्य तेव्हा स्वतःच्या केबिनमधलं वापरायचं. पहिले दोन दिवस तरी बुफेपेक्षा टेबलावर वाढून देणाऱ्या दालनात जेवायचं. आणि जरासं जरी पोट बिघडलं तरी लगेच दवाखान्याला फोन. चौथी गोष्ट सगळ्यात अवघड आहे, तीच त्यांच्या गळी उतरवा.

सार्वजनिक बाथरूमचं का म्हणतोय? २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत ५६ जहाजांवरच्या सार्वजनिक बाथरूममध्ये वेगवेगळ्या वस्तूंना नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, पण अतिनील दिव्याखाली चमकणारी खूण लावली गेली. कमोडची बैठक, फ्लशचा दांडा, दाराची आतली मूठ, आधाराचे दांडे, बाळाचं लंगोट बदलायची फळी. नंतर दिवा घेऊन बघितलं, खूण पुसली गेली आहे का. रोज पुसल्या जाणाऱ्या वस्तूंचं प्रमाण सरासरी ३७ टक्केच निघालं. काही जहाजं शंभराला पोचली होती आणि काही अगदी तळाला होती. म्हणजे जमतं. करून घ्यावं लागतं, इतकंच.

त्यातही सगळ्यात जास्त पुसली जाते ती कमोडची बैठक, कारण तिथे घाण असते हे प्रत्येकाला वाटतं. लंगोट बदलायची फळी मात्र मागे राहते. साफसफाईचं प्रशिक्षण देताना मी या फळीपासूनच सुरुवात करायचो. आणि बाथरूमच्या दाराची आतली मूठ! हात न धुता बाहेर पडणारा प्रत्येक जण तिला हात लावून जातो आणि हात धुतलेलाही तिलाच लावतो. म्हणूनच कागदी रुमालाने मूठ धरून दार उघडा अशी पाटी तिथे असते आणि दारापाशी कचऱ्याचा डबा असतो. पाटीकडे शोभेची म्हणून बघू नका.

---

स्पष्टवक्ता

हे सगळं वाचून मला एकच वाटतं, मग जायचंच कशाला? पैसे मोजून तरंगत्या संसर्गाच्या घरात राहायचं. २०१४ मध्ये 'एक्स्प्लोरर ऑफ द सीज' हे जहाज सफर अर्धवट टाकून न्यू जर्सीला परत आलं होतं, सहाशेच्या वर प्रवासी आजारी. २०१९ मध्ये 'ओएसिस ऑफ द सीज'चं तेच. या कंपन्यांना स्वच्छता जमत नाही हे मान्य करा.

---

उधाणवारा

स्पष्टवक्ता, दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि तुमची चीडही मला समजते. पण आकडा कुठून येतो तेही बघायला हवं.

अमेरिकेत नोरोव्हायरसमुळे दरवर्षी साधारण दोन कोटी माणसं आजारी पडतात. तिथे नोंद झालेल्या नोरोव्हायरसच्या सगळ्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी १ टक्क्याच्या आसपास आहेत. सगळ्यात जास्त साथी येतात त्या वृद्धाश्रमांत आणि रुग्णालयांसारख्या ठिकाणी. मग आपल्या कानावर जहाजंच का येतात? कारण जहाजाला प्रत्येक रुग्ण मोजावा लागतो आणि कळवावा लागतो. लग्नाच्या हॉलमध्ये जेवून गेलेल्या पाहुण्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती जण आजारी पडले हे कोण मोजतं? सगळे पांगलेले असतात. जहाजावरचे पांगत नाहीत.

म्हणून जहाजं निर्दोष ठरतात असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये सीडीसीने जहाजांवरच्या पोटाच्या आजाराच्या १८ साथी जाहीर केल्या, त्यातल्या १५ नोरोव्हायरसच्या होत्या. ३७ टक्क्यांचा आकडा वर मीच दिलाय. जिथे ढिलाई असते तिथे बोट ठेवायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच की निव्वळ 'घाणेरडं जहाज' म्हणून मोकळं झालं तर प्रवाशाला वाटतं की आपल्या हातात काही नाही, आणि तो हातही धुवत नाही.

---

केतकीबन

मी क्वचितच लिहिते, पण हा विषय जवळचा आहे. जहाजाचं नाव सांगत नाही.

आमच्या सफरीच्या दुसऱ्या रात्री जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर एक जोडपं होतं. बाईंनी काहीच खाल्लं नाही, मधूनच उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांनी मला सहज सांगितलं, 'हिला पहाटेपासून उलट्या होताहेत, पण दवाखान्यात गेलो तर केबिनमध्ये कोंडून ठेवतील, उद्याची बेटावरची फेरी बुडेल. गोळी दिलीये.' ते हे सांगत होते तेव्हा बुफेच्या रांगेत माझ्या पुढेच उभे होते. हातात वाढायचा चमचा.

मला काय बोलावं सुचेना. माणसं चांगली होती. वर्षानुवर्षं पैसे साठवून आलेली. मी जाऊन सांगावं का, तो चुगलखोरपणा होईल का, यातच माझा वेळ गेला. तिसऱ्या दिवशी माझा मुलगा पडला, मग माझे सासरे. सासऱ्यांना सलाइन लावावं लागलं. नंतर बुफेवर सगळीकडे कर्मचारी हातमोजे घालून वाढू लागले, मीठ-मिरीच्या बाटल्यासुद्धा टेबलावरून गेल्या, लिफ्टपाशी एक मुलगा उभा राहून सतत बटणं पुसत होता.

माझा राग त्या जोडप्यावर नाही, किंवा असला तरी थोडा. त्यांना लपवावंसं वाटलं याचा आहे. आजारी पडल्याचं सांगणाऱ्या माणसाचं नुकसानच होणार असेल तर कोण सांगेल? उधाणवारा, यावर जहाजवाले काही विचार करतात का?

---

काजवा

केतकीबन, वाचून पोटात तुटलं. सासरे आता बरे आहेत ना?

---

केतकीबन

हो, ते तिसऱ्या दिवशी खडखडीत बरे होऊन डेकवर बसले होते. विचारल्याबद्दल आभार.

---

उधाणवारा

केतकीताई, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. मला या धाग्यात सगळ्यात जास्त याबद्दलच लिहायचं होतं.

साथीचा जोर पहिल्या काही रुग्णांवर ठरतो. पहिला माणूस पहिल्या दोन तासांत कळला तर त्याची केबिन वेगळी होते, तो ज्या टेबलावर जेवला ते आणि ज्या बाथरूममध्ये गेला ते जोरकस निर्जंतुक होतं, बरोबरच्यांवर लक्ष राहतं. तोच माणूस दीड दिवसाने कळला तर तोवर तो चार जेवणं जेवलेला असतो, एक नाटक बघितलेलं असतं, कॅसिनोतली नाणी हाताळलेली असतात. पुढे बुफेवर कितीही हातमोजे चढवा, ते मागून धावणं असतं.

तेव्हा सगळा खेळ सांगण्यावर आहे आणि सांगणं महाग पडता कामा नये. काही कंपन्या पोटाच्या आजाराची तपासणी आणि औषधं मोफत देतात, केबिनमध्ये अडकलेल्याला पथ्याचं जेवण आणून देतात, बुडलेल्या फेरीचे पैसे परत करतात. काही ठिकाणी दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर बिल सुरू होतं. माझं मत ठाम आहे: ज्या जहाजावर पोटदुखी सांगायला पैसे पडतात त्या जहाजावर नोंदवहीतला आकडा कधीच खरा नसतो. तिकीट काढतानाच विचारा की पोटाच्या आजारासाठी दवाखान्याचं शुल्क आहे का आणि विलगीकरणात राहावं लागलं तर बुडलेल्या फेऱ्यांचं काय. विचारणारे वाढले तर कंपन्याही बदलतील.

चढण्याआधी एक फॉर्म देतात, गेल्या काही दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या का असं विचारणारा. बहुतेक जण न वाचता 'नाही'वर खूण करतात. कुटुंबात कोणी आदल्या दिवशीच आजारी होतं हे दडवून चढलेली माणसं मी बघितली आहेत. तिथे खरं सांगितलं तर कदाचित दवाखान्याची माणसं येऊन बोलतील, क्वचित चढू देणार नाहीत. पण त्यासाठीच प्रवासाचा विमा असतो, तो घेताना हे कलम वाचून घ्या.

कर्मचाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक. ते खालच्या डेकवर एकेका केबिनमध्ये दोन-दोन राहतात, बाथरूम एकच. खाणं हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला पोट बिघडलं तर लक्षणं पूर्ण थांबल्यावरही निदान ४८ तास कामावर घेता येत नाही, इतरांना २४ तास. प्रवाशालाही लक्षणं थांबल्यावर २४ तास केबिनमध्ये थांबायला सांगतात. आता ज्या मुलाची कमाई बक्षिशीवर चालते त्याला दोन-तीन दिवस घरी बसवलं आणि त्याचे पैसे कापले तर तो पुढच्या वेळी सांगेल का? मी ज्या जहाजांवर काम केलं तिथे आजारपणाचा पगार कापला जाऊ नये म्हणून आम्ही अनेकदा भांडलो. जिथे ते मान्य झालं तिथे नोंदी वाढल्या आणि साथी कमी झाल्या, हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. नोंदी वाढल्या म्हणून वरचे साहेब घाबरायचे, त्यांना समजावण्यात वेळ जायचा.

आणि केतकीताई, तुम्ही विचारलंत की सांगणं हा चुगलखोरपणा होतो का. मुळीच नाही. केबिन क्रमांकसुद्धा सांगायची गरज नाही. 'अमुक टेबलापाशी कोणाला तरी उलट्या होताहेत' एवढं एका वेटरला सांगितलंत तरी पुढचं काम माणसं करतात.

---

स्टेथो

डॉक्टर म्हणून थोडी भर.

नोरोव्हायरसवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही, तो विषाणू आहे. प्रवासाच्या पिशवीत कोणीतरी दिलेली अँटिबायोटिकची पाकिटं असतात, ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका. उपचार म्हणजे गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं. ओआरएसची पाकिटं बरोबर न्या. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. प्रमाण चुकवू नका, मीठ जास्त पडलं तर लहान मुलांना अपाय होतो. उलट्या होत असतील तर पेलाभर एकदम न देता दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांबद्दल: रक्त पडत असेल किंवा ताप जास्त असेल तर त्या घेऊच नयेत, मुलांना तर डॉक्टरांशिवाय अजिबात नकोत. शिवाय गोळीने जुलाब थांबले म्हणून लागण थांबत नाही. केतकीबन यांच्या टेबलावर तेच झालं.

शमिका, तुमच्या बाबांसाठी खास. मधुमेह आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना चालू ठेवल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. आजारी पडलं तर कुठली गोळी थांबवायची आणि कुठली चालूच ठेवायची, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. जहाजाच्या डॉक्टरला तो कागद दाखवायचा. लघवी फार कमी होणं, उभं राहिल्यावर चक्कर येणं, तोंडाला कोरड पडणं, गुंगी वाटणं, यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही.

लस विचारणारे येतील म्हणून आत्ताच सांगते, नोरोव्हायरसवर बाजारात अजून लस नाही. आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. याचे प्रकार पुष्कळ आहेत आणि मिळालेली प्रतिकारशक्ती फार काळ टिकत नाही.

---

काजवा

स्टेथोताई, खूप आभार. माझा प्रश्न लहान मुलांबद्दल. मुलगी अडीच वर्षांची आहे, अजून डायपर. तिला पोहायच्या तलावात नेता येईल का? 'पोहण्याचे डायपर' मिळतात ते चालतात का?

---

उधाणवारा

डायपरमधल्या मुलांना जहाजाच्या मुख्य तलावात आणि गरम पाण्याच्या कुंडांत मनाई असते, पोहण्याचं डायपर असलं तरी. काही जहाजांवर अशा मुलांसाठी पाण्याची वेगळी व्यवस्था केलेली खेळाची जागा असते, तिथे नेऊ शकता. हा नियम ऐकून पालक नाराज होतात, पण पोहण्याचं डायपर फक्त घट्ट शी थोडा वेळ धरून ठेवतं. पातळ शौच त्यातून सरळ पाण्यात जातं. तलावात असा प्रकार झाला की सगळ्यांना बाहेर काढून तलाव बंद करावा लागतो आणि क्लोरीन वाढवून ठरावीक वेळ थांबावं लागतं.

मुलांच्या खेळघरात सोडताना खेळणी कधी पुसतात तेवढं विचारा. चांगल्या ठिकाणी ताईलोक लगेच सांगतात.

---

प्रयोगशाळेतला

उलटीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

२०१० मध्ये अमेरिकेत ओरेगनच्या मुलींचा एक फुटबॉल संघ सामन्यांसाठी हॉटेलात उतरला होता. एका मुलीला रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. त्या बाथरूममध्ये खाऊची एक कापडासारखी, पुन्हा वापरायची पिशवी ठेवलेली होती. आजारी मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी इतरांनी त्या पिशवीतला खाऊ खाल्ला आणि त्या एकेक करून आजारी पडल्या. दोन आठवड्यांनी तपासलं तेव्हाही पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर विषाणूच्या खुणा सापडल्या.

उलटीच्या वेळी सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि आजूबाजूच्या सगळ्यावर बसतात. ब्रिटनमधल्या एका प्रयोगशाळेने उलटी करणारा पुतळा तयार करून हे मोजलं, थेंब तीन मीटरच्या पलीकडे गेले. त्यामुळे दाताचा ब्रश, पाण्याची बाटली, खाऊ यातलं काहीही बाथरूममध्ये उघडं ठेवू नका. कमोडचं झाकण लावून मगच फ्लश.

---

उधाणवारा

बरं झालं आठवण केलीत. जहाजावर कॉरिडॉरमध्ये कोणी उलटी केली तर प्रवासी स्वतः टिश्यू घेऊन पुसायला धावतात, भल्या हेतूनेच. कृपा करून तसं करू नका. लांब व्हा, इतरांनाही थांबवा, फोन करा. त्यासाठी तयार असलेली माणसं झगा, मास्क, हातमोजे घालून येतात. आधी शोषून घेणारी भुकटी टाकून उचलायचं, मग क्लोरीनचं १,००० ते ५,००० पीपीएमचं पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचं तयार औषध. ते फवारून लगेच पुसलं तर काम होत नाही. बाटलीवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. घाईच्या दिवशी इथेच चूक होते. एक प्रवासी गट उतरतो आणि काही तासांत दुसरा चढतो, तेव्हा हाउसकीपिंगच्या पोरांना दम घ्यायला वेळ नसतो. ज्या जहाजावर साथ होती तिथे चढायचा वेळ तास-दोन तास पुढे ढकलला तर चिडू नका, तो उशीर तुमच्यासाठीच असतो.

गालिच्यावर व्हॅक्यूम तर कधीच नाही, त्याने सगळं हवेत उडतं. तिथे वाफेचं यंत्र लागतं. आजारी माणसाच्या चादरी न झटकता पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत भरतात, पिशवी तशीच धुलाई यंत्रात जाते. कोणी ती पुन्हा उघडत नाही.

---

स्पष्टवक्ता

उधाणवारा, तुमचा प्रतिसाद वाचून मत थोडं बदललं. आजाराची नोंद करायला पैसे पडतात का, हा प्रश्न मी कुठल्याच कंपनीला विचारला नव्हता. पुढच्या वेळी विचारेन.

---

शमिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला प्रयोगशाळेतला यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने दोन साबणाच्या वड्या पिशवीत टाकल्या. बाबांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

शेवटचा प्रश्न: समजा कोणी तिथे आजारी पडून बरं होऊन घरी आलं, तर घरी काय काळजी घ्यायची? आमच्याकडे लहान भाचा आहे.

---

उधाणवारा

चांगलं विचारलंत. बरं वाटू लागल्यावरही विषाणू विष्ठेतून दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बाहेर पडत राहतो. पहिले काही दिवस जास्त जपायचे. लक्षणं थांबल्यावर निदान दोन दिवस तरी त्या माणसाने घरच्यांसाठी स्वयंपाक करू नये, भाच्याला भरवू नये. शक्य असेल तर बाथरूम वेगळं ठेवा, नसेल तर नळ, फ्लश, दाराची मूठ ब्लीचच्या पाण्याने पुसा आणि काही मिनिटं ओलं राहू द्या. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, खिडकी उघडी ठेवा.

बॅगेतले मळके कपडे न झटकता सरळ मशीनमध्ये, कापडाला चालेल तितक्या गरम पाण्यात, आणि ते टाकून झाल्यावर हात धुवायचे. हात धुण्याचं मात्र दोन आठवड्यांनंतरही सोडू नका, कारण भाचा कोणाकडून काय आणेल सांगता येत नाही.

---

स्टेथो

आणि भाच्याला जुलाब लागलेच तर ओआरएस लगेच सुरू करा, अंगावरचं दूध चालू असेल तर ते थांबवू नका.